बाईसाहेबांच्या अंगावरचा खण

आमच्या वसतिगृहाच्या जेवणघरात एका इंग्रज बाईचं मोठं तैलचित्र होतं. त्याला चित्र कुणी म्हणत नसे. 'बाईसाहेबांच्या खालच्या पाटावर बस', 'बाईसाहेबांच्या समोरची पंगत आधी वाढा', असंच आम्ही बोलायचो. परीक्षेला निघताना मुली चौकटीच्या खालच्या पट्टीला हात लावून तो कपाळाला लावत. मीही लावत असे. आठवीपासून बी.ए. होईपर्यंत मी त्या बाईंच्या नजरेखाली जेवले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मानत होते, आणि ते मानण्यात मला सुख होतं.

बाई मोठ्या नटलेल्या होत्या. उंच बांधलेले केस, त्यावर तिरकी टोपी, टोपीत पांढरं पीस. गाल गुलाबी, ओठ किंचित हसरे. मात्र हे सगळं हनुवटीपर्यंतच. हनुवटीच्या खाली चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खणाचं कापड ताणून बसवलेलं होतं. चोळीचा असतो तसला काठाचा खण. त्याच्या खाली काय आहे, ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

तो खण कसा आला, ते ताई सांगायच्या. ताई म्हणजे आमच्या रेक्टर. रविवारी तांदूळ निवडायला बसलो की मुली मुद्दाम तोच विषय काढायच्या.

वसतिगृह नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. नगरच्या कॅम्पाच्या बाजूचा तो साहेबाचा जुना बंगला आणि भिंतीवर हे चित्र. पाथर्डीकडचा एक बाप मुलीला सोडायला आला. पत्र्याची पेटी खाली ठेवली, पाणी प्यायला आणि वर बघितलं. बाईंचा गळा उघडा, खांदे उघडे.

"त्यानं पेटी उचलली," ताई सांगत. "म्हनला, जिथं बाया अशा उघड्या टांगत्यात तिथं माझी पोर न्हाई ऱ्हायची. मी म्हनलं, अवो, साहेबाची बायको हाय ती, त्यांच्यात असंच असतं. तर म्हनला, आमच्यात नसतं. आनि निघाला. पोरगी मागं वळून वळून बघतीया."

ताईंच्या ट्रंकेत ओटीत आलेला एक कोरा खण होता. वह्यांना कव्हर घालायला कणकेची खळ केली होती, ती भांड्यात उरलेली होती. तो माणूस फाटकापर्यंत पोचायच्या आत ताई टेबलावर चढल्या आणि बाईंच्या अंगावर त्यांनी तो खण खळीनं चिकटवून टाकला. मग हाका मारून त्याला परत बोलावलं. "आता बघा म्हनलं. त्यानं बघितलं. म्हनला, आता दिसती बाई. आनि पोरगी ऱ्हायली."

ती मुलगी पुढे नर्स झाली. ताई तिथे गोष्ट संपवत आणि सुपाला झटका देत म्हणत, "एका खनात एक पोरगी शिकली. म्हाग पडलं का?"

माझे वडील दूध डेअरीत कॅन चढवायचं-उतरवायचं काम करत. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून डेअरीच्या टेम्पोत बसून ते मला सोडायला आले होते. जेवणघराच्या दारात उभं राहून त्यांनीही वर बघितलं होतं. "कोन हाय ह्या?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "बाईसाहेब. ह्यांचाच बंगला हुता. पोरींच्या शिक्षनाला दिला." वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पदराबिदराची दिसती." आणि माझी पेटी आत ठेवून निघून गेले. घरी जाऊन आईला त्यांनी सांगितलं की पोरगी चांगल्या बाईच्या देखरेखीखाली आहे.

पुढे त्या खणाची रीतच झाली. दर संक्रांतीला बाईसाहेबांना नवा खण. तो कुणी द्यायचा, तर आदल्या वर्षी जी मुलगी वसतिगृहात पहिली आली असेल तिच्या आईनं. आणि जुना खण काढायचा नाही. त्याच्यावरच नवा ताणायचा आणि चौकटीला बारीक चुका मारायच्या. ताई फार कडक होत्या त्याबाबत. एकदा एका मुलीनं जुना खण उचकटायला हात घातला तर तिच्या हातावर चापट बसली. "पयला खन काढायचा नसतो," ताई म्हणाल्या. का नसतो, ते आम्ही विचारलं नाही. रीत म्हटल्यावर आम्हाला कारण लागत नसे.

माझ्या आईचा खणही तिथे लागला. बारावीला मी पहिली आले होते. अंजिरी रंगाचा, हिरव्या काठाचा. मामाच्या लग्नात तिला मिळालेला आणि तिनं स्वतःसाठी न शिवलेला. ती गावाहून आली, हळदीकुंकवाला बायकांत अवघडून बसली आणि ताईंनी चुका मारताना सगळा वेळ तोंडाला पदर लावून हसत होती. जेवताना मी पुन्हा पुन्हा वर बघायचे. साहेबाची बायको आणि तिच्या अंगावर माझ्या आईचा खण.

आता मी संगमनेरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ताई केव्हाच निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर खणाची रीत चालू राहिली, पण हळूहळू उरकल्यासारखी. मग बंगला धोक्याचा ठरला. तो पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, 'बाईसाहेबांचं काय?' कुणीतरी लिहिलं की एवढं जुनं चित्र, ते नीट साफ करून नव्या जेवणघरात लावू, खाली पाटी लावू. पाटीसाठी माहिती कोण काढेल? मी लिहिलं, 'मी काढते. चित्रकार कोण होता तेही शोधते.' त्यावर पुष्कळ अंगठे आले. ते मला फार आवडले, हे आधी सांगायला हवं.

जुन्या चित्रांची डागडुजी करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले. सुट्टी होती, मुली घरी गेल्या होत्या. जेवणघरातली दोन टेबलं जोडून त्यावर सतरंजी अंथरली आणि बाईसाहेबांना पहिल्यांदाच आडवं केलं. भिंतीवर त्यांच्या जागी पिवळट चौकोन राहिला.

त्यांनी चुका एकेक करून काढल्या. वरचा खण निघाला, त्याखालचा निघाला. मी ते क्रमानं बाकावर मांडत होते. कापडांना फोडणीचा आणि उंदरांचा वास होता. मध्येच आईचा अंजिरी खण आला. काठ तसाच होता, मधला भाग विटला होता. मी तो इतरांपासून जरा वेगळा ठेवला. ते बघून गृहस्थ हसले. "तुमचा का?"

"आईचा."

"मग घरी घेऊन जा. इथे आता लागणार नाही."

शेवटी पहिला खण उरला. ताईंचा. त्याला चुका नव्हत्या. गृहस्थांनी टॉर्च आडवा धरून कापडाच्या कडेनं बघितलं आणि बोटानं अगदी हलकं दाबलं.

"हा कशानं लावलाय?"

"खळीनं. कणकेच्या."

"थेट रंगावर?"

मी हो म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, खळ वाळताना आकसते. आकसताना रंगाला स्वतःकडे ओढते. एवढ्या वर्षांत रंग कॅनव्हास सोडून कापडाला गेलाय. हा खण मी काढला तर बाईंचा गळा आणि खांदे खणाबरोबर येतील."

"सगळे?"

"काही येतील, काही तुकडे होऊन पडतील. माझं ऐकाल तर खणाला हात लावू नका. चेहरा साफ करून देतो. उत्तम होईल."

मग चहा पिताना त्यांनी मला समजावून सांगितलं. चहा आम्ही बाहेर पायरीवर बसून घेतला, चित्राजवळ कप नको म्हणून. ते म्हणाले, हे खरं तर चेहऱ्याचं चित्रच नाही. चेहरे सगळेच चित्रकार गोड काढून द्यायचे, गिऱ्हाईक नाराज व्हायला नको. अशी बाई चित्रकारासमोर बसायची ती नवा पोशाख घालून. त्या वेळची फॅशन, लेस, साटन, मोती. चित्रकाराचा कस तिथे लागायचा. साटनवरचा उजेड, लेसमधून दिसणारी कातडी. "म्हणजे त्यानं जिथे जीव ओतला असेल, नेमका तो भाग खाली आहे."

आणखी एक गोष्ट ते सहज बोलून गेले. पोशाखावरून आणि चौकटीवरून चित्र बंगल्यापेक्षा बरंच जुनं वाटतं. या बाई नगरला कधी आल्या असतील असं त्यांना वाटत नव्हतं. कुणातरी साहेबाच्या सामानातून चित्र आलं असेल आणि जाताना मागे राहिलं असेल. बंगला मुलींना देणाऱ्या बाई या नव्हेत. मी म्हटलं, "हो का." आणि कप विसळायला उठले. इतकी वर्षं मी कुणाला हात जोडत होते, हा प्रश्न मला त्या वेळी नको होता.

मला नाव हवं होतं. चित्रकार सही बहुधा खालच्या कोपऱ्यात करतात, म्हणजे तीही खणाखालीच. मागच्या बाजूला काही नव्हतं. संस्थेच्या सचिवांना फोन केला तर ते म्हणाले, "नावाशिवाय पाटी काय करायची? कुणी नावाजलेला निघाला तर आपल्या वसतिगृहाचं भाग्य उजळेल. बघा प्रयत्न करून." मीही मनात एक लेख लिहायला घेतला होता. शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

"फक्त कोपरा उचलून बघा," मी म्हटलं.

"मी सुचवणार नाही, मॅडम."

"अगदी थोडा. सहीपुरता."

"सहीच जाईल त्यात."

"जबाबदारी माझी," मी म्हटलं. कॉलेजच्या सहलीला मुलांना नेताना म्हणते, त्याच आवाजात.

त्यांनी ओला कापूस कोपऱ्यावर ठेवला, थांबले, पुन्हा ओला केला. मग पातळ पातं कापडाखाली सरकवलं. सुरुवातीला सगळं नीट झालं. बोटभर गडद तपकिरी रंग मोकळा झाला, चकचकीत, जणू काल लावलेला. मग त्यावर पिवळसर रेघ दिसली. एक उभी रेघ, तिला जोडून बाक. मी इतकी वाकले की त्यांनी मला हातानं मागे सारलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "अजून जरा."

वाळकी पापडी हातात मोडावी तसा बारीक आवाज झाला. खणाचा कोपरा त्यांच्या हातात मोकळा आला होता. त्याच्या पाठीवर उलटी अक्षरं होती, अर्धीमुर्धी. कॅनव्हासवर ती उभी रेघ उरली होती. मधलं सगळं सतरंजीवर भुकटी होऊन पडलं होतं.

"श्वास जपून घ्या," ते म्हणाले. रागावले नाहीत. त्यांनी कण कागदावर गोळा केले, पुडी बांधली, कोपरा पुन्हा जागेवर दाबून बसवला. हात पुसत शेवटी एवढंच बोलले, "नाव होतं. चांगलं ठळक होतं."

सचिवांना मी त्याच दुपारी कळवलं, 'सही वाचता आली नाही.' त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. मी ते दोनदा वाचून मगच पाठवलं.

त्यानंतर शिकवताना माझं लक्ष लागेना. फळ्यावर मुलांची नावं लिहिताना हात थांबायचा. एक माणूस कुठल्यातरी परदेशी गावात खिडकीजवळ उभा आहे, ब्रश खाली ठेवतो आहे, पिवळ्या रंगात नाव घालतो आहे, हे डोळ्यांपुढे यायचं. आमच्या ताईंनी त्याचं काम झाकलं होतं, पण एका मुलीच्या शाळेसाठी. मी त्याचं नाव घालवलं ते कशासाठी? उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी ते पुरतं मनात आणत नव्हते. त्याऐवजी मी ताईंचा विचार करू लागले. मुळात खळ त्यांनीच लावली, असा.

मग मी ताईंना भेटायला गेले. खणाखाली काय होतं ते पाहिलेलं हयात माणूस माझ्या माहितीत त्याच एक. नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठच्या गावात त्या भाच्याकडे राहतात. फाट्यावर एस.टी.तून उतरून पुढे रिक्षानं गेले. ताई ओसरीत बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. नजर अधू झाली आहे, पण मला आवाजावरून ओळखलं.

"या मास्तरीनबाई. जाड झालीस गं. नगरचं पानी मानवलं."

"ताई, मी संगमनेरला असते."

"मंग दुधानं झालीस." आणि भाच्याच्या सुनेला आत हाक मारली, "च्या कमी साखरंचा टाक गं, पाव्हनी फुगलीया."

चहा झाल्यावर मी विचारलं, "ताई, खणाखाली काय होतं हो?"

"गळा हुता. गळा हुता म्हनून तर झाकला."

"तसं नाही. नीट आठवून सांगा."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. सांगताना हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. "हितनं हितवर झालर हुती. दुधावरची साय कशी सुरकुतती, तशी. त्यातनं आतलं अंग दिसायचं. लुगडं, न्हाई, झगा त्यो, कैरीच्या रंगाचा. का मोरपंखी गं? चमकायचा. आनि गळ्यापाशी एक नस हुती. बारीक, निळी. काढनाऱ्यानं ती बी सोडली न्हाई, मेल्यानं."

"हातात काही होतं?"

"पंखा हुता. न्हाई, फूल असंल. थांब." त्यांनी मूठ मिटून बघितली. "मिटलेलं हुतं काहीतरी."

"आणि कोपऱ्यात नाव होतं का?"

"आमाला कुठं इंग्रजी? पिवळं काहीतरी हुतं खरं. पयल्या दिवशी मला वाटलं डाग हाय, म्हनून वल्ल्या फडक्यानं खसाखसा पुसला. गेला न्हाई. रंग चांगला वापरला हुता त्यानं."

मी खाली बघितलं. बाजेच्या सुतळीत शेंगांची टरफलं अडकली होती, ती काढत बसले.

"खन निघाला का?" ताईंनी विचारलं.

"जुना आहे ना, ताई. वेळ लागतोय."

"चिकाटलाय."

मी आणखी एक टरफल सुतळीतून उपसलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्सी संक्रातीला म्हनलं खन धुवून परत लावावा. वरनं खांद्यापासनं वढला, तर टवका आला हातात. नखाएवढा. खांद्याचा. मी घाबरले. चुलीत टाकला. आनि पुन्ना दाबून बसवला. तवापासनं तुमाला सांगत आले, पयला खन काढायचा नसतो. तुमी पोरी लगीच म्हनाय लागल्या, रीत हाय, रीत हाय. मी म्हनलं, म्हनू द्या."

भाच्याची सून दारात येऊन उभी राहिली होती. ताईंनी तिला आत जायला सांगितलं नाही.

"एका खनात एक पोरगी शिकली, असं सांगायचे ना मी तुमाला. खरंच हाय त्ये. पर तिला कुनी इचारलं? नटून बसली हुती बाई. किती येळ बसली असंल, मान आवघडली असंल. आनि त्यो बिचारा नस काढत बसला. मी आपली खळीचं भगुनं घेऊन चढले वर."

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहिताना लाज वाटते. मला हलकं वाटलं. ताईंच्या तोंडून आलं होतं, चूक त्यांची होती, आणि ती जुनी होती. माझ्या कोपऱ्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. त्यांनी निघताना शेंगांची पिशवी हातात दिली, तीही घेतली. परतीच्या एस.टी.त ती पिशवी मांडीवर होती, आणि हलकं वाटणं प्रवरासंगमाचा पूल येईपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

खण काढायचा नाही असं कमिटीत ठरलं. चेहरा साफ होऊन आला तेव्हा बाईंचे डोळे करडे निघाले. आम्ही ते काळे समजत होतो. त्यांच्या अंगावर आता फक्त ताईंचा पहिला खण, विटून मातीच्या रंगाचा झालेला. पाटीचा मजकूर मी लिहिला. 'इंग्रज स्त्री. तैलचित्र. चित्रकार : अज्ञात.' सचिव म्हणाले, "छान, आटोपशीर." बंगला देणाऱ्या बाई म्हणून उल्लेख मी गाळला, तेवढा खरेपणा केला. खणाबद्दलही लिहिलं नाही. लिहिलं तर लोक विचारतील, कुणी चिकटवला. ताईंना या वयात बोल नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला भाच्यानं ताईंना पिकअपमधून आणलं. भाषणं झाली. नंतर त्या माझा हात धरून नव्या जेवणघरात आल्या, स्वच्छ फरशी, स्टीलची टेबलं. चित्रापाशी जाऊन अगदी जवळून बघत राहिल्या.

"डोळं घारं हायेत गं हिचं."

"हो, ताई."

त्यांनी खणावरून हात फिरवला नाही, फक्त जवळ नेला. "लई वाटत हुतं, निघंल म्हनून. ऱ्हाऊ दे. वरनं नवा नका मारू आता." मग पाटीकडे बोट केलं. "काय लिवलंय? वाच."

मी वाचलं.

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे चित्रकार कोण ते माहीत नाही."

"पर नाव तर हुतं की. पिवळं."

शेजारी दोघी-तिघी जुन्या मुली उभ्या होत्या. मी ताईंना खिडकीपाशी घेऊन गेले आणि कोपऱ्याचं सगळं सांगितलं. पुण्याचे गृहस्थ नको म्हणत होते तेही, जबाबदारी माझी असं मी म्हणाले तेही, पापडीसारखा आवाज झाला तेही. ताई ऐकत होत्या. मध्ये एकदा "आरारा" म्हणाल्या, तेवढंच.

"मंग तसं लिव की पाटीवर."

"लोक विचारतील, ताई, खण कुणी चिकटवला."

"सांग, हिनं चिकाटवला. मी काय आता रेक्टर हाय, मला काढून टाकतील?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या आडून तू नको लपू, पोरी. मी लई म्हातारी झाले आडोश्याला."

पाटी बदलायला बरेच दिवस गेले. सचिव म्हणाले, "मॅडम, असं कुणी पाटीवर लिहितं का? पाहुणे येतात." मग म्हणाले, निदान 'आमच्याकडून' लिहू. मी म्हटलं, 'माझ्याकडून' लिहा. ते म्हणाले, मी म्हणजे कोण, ते वाचणाऱ्याला कसं कळणार? त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला माझं नाव पाटीवर नको होतं. त्यात पुन्हा मिरवल्यासारखं झालं असतं. शेवटी ठरलं ते असं : 'चित्रकारानं आपलं नाव खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं. चित्रावरचा खण उचलताना ते आमच्याकडून गेलं. खण पहिल्या रेक्टरांनी लावला, मुलींना इथे राहता यावं म्हणून.' 'आमच्याकडून' राहिलं. मला ते अजून खटकतं.

आता संक्रांतीला खण चित्राखालच्या टेबलावर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी देणाऱ्या आईला परत देतात. या वर्षी मी गेले होते. माझ्याबरोबर आईचा अंजिरी खण होता, कपाटात पडून होता तो. पण तो तिथे ठेवावा की नाही ते मला ठरवता आलं नाही, पिशवीतच राहिला.

पाटी वाचून आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. शेवगावकडची होती.

"मॅडम, खनाखाली काय हाय?"

मी तिला सांगितलं. सायीसारखी झालर, कैरीच्या नाहीतर मोरपंखी रंगाचा झगा, गळ्यापाशी बारीक निळी नस. हातात पंखा किंवा फूल.

"पंखा का फूल?"

"मिटलेलं काहीतरी होतं."

"एक काहीतरी सांगा ना, मॅडम. मला निबंधात लिवायचंय."

पंखा म्हणायला काही हरकत नव्हती. तशा बायकांच्या हातात पंखाच असतो, मी पुस्तकांत पाहिलं आहे. शब्द अगदी तोंडाशी आला होता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तसंच लिही."